पाहुणे अमेरिकेचे, पडवी आपली

मालवणच्या बाजारात गोरा माणूस दिसला की आजही माना वळतात. पाठीवर भलीमोठी सॅक, पायात सपाता, उन्हाने लाल झालेलं नाक... तो इंग्लंडचा, जर्मनीचा की रशियाचा, याच्याशी आपल्याला फारसं देणंघेणं नसतं. जुन्या बायांच्या लेखी तो ‘सायब’, पोरांच्या लेखी ‘फॉरेनर’. गोवा इथून जवळ. तिकडची गर्दी नकोशी झाली की ही मंडळी अधूनमधून तारकर्ली, देवबाग, वायरीकडे सरकतात. किल्ला बघतात, माशाचं जेवण जेवतात, समुद्रात बुडी मारून प्रवाळ बघून येतात आणि जातात.

पण कुणी विचारलंच, ‘खंयसून इलास?’ आणि उत्तर ‘अमेरिका’ असं आलं, की आपल्या मंडळींचे चेहरे बदलतात. रिक्षावाल्याच्या डोळ्यांपुढे डॉलर नाचतो. कॉलेजातल्या पोराला व्हिसा आठवतो. निवृत्त गुरुजींना २००३ साली इराकवर पडलेले बॉम्ब आठवतात. आणि माझ्या सासूबाईंना आठवतो मिलो! १९७२च्या दुष्काळात त्या परळच्या चाळीत राहत होत्या. रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी मिळायची, तिला सगळे मिलो म्हणत. ‘भाकरी थापूक गेला तर मोडान पडा, पण पोरांची पोटा तेनीच भरली,’ असं त्या सांगतात. या एका वाक्यात रागही आहे आणि उपकाराची जाणीवही. माणूस दारात यायच्या आधी त्याच्या देशाचं नाव आपल्या पडवीत येऊन बसलेलं असतं, ते असं.

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, या बाईला घरचं काम सोडून अमेरिकेची उठाठेव कशाला? तर त्याला कारण आमचा बचत गट. आमच्या गटातल्या सात-आठ जणी घरच्या एक-दोन खोल्या पर्यटकांना देतात. निवास आणि न्याहारी. सिंधुदुर्ग हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, तेव्हा ‘आमका काय तेचा?’ म्हणणाऱ्या बायका आज त्याच पर्यटनावर मुलांची शिक्षणं करताहेत. त्यातली एक आमची मैत्रीण. नवरा मासेमारीला गेला तो परत आला नाही. तिने गटाचं कर्ज काढून घरामागे दोन खोल्या बांधल्या, मुलीला शिकवते आहे. गेल्या हंगामात तिच्याकडे महिन्याभरात दोनदा अमेरिकेचे पाहुणे आले.

पहिलं एक मध्यमवयीन जोडपं. चार दिवस राहिलं. पैशाची घासाघीस नाही, प्रत्येक गोष्टीला ‘थँक यू’, येता-जाता हसणं. जाताना बाईने हिला मिठीच मारली. ही खूश! आठवड्याने मुलगी मोबाइल घेऊन धावत आली. त्या जोडप्याने इंटरनेटवर घराबद्दल लिहिलं होतं. पाचपैकी दोन तारे. पहाटे चार वाजता कोंबडा ओरडतो, देवळातला भोंगा वाजतो, वीज जाते, आंघोळीचं गरम पाणी बादलीतून आणून देतात, मालकीण दार न वाजवता केर काढायला खोलीत येते, शेजारचे लोक येऊन नुसते बघत उभे राहतात... नववीतली पोर एकेक वाक्य वाचून आईला त्याचा अर्थ सांगत होती.

‘वैनी, माझ्या तोंडार हसली, नि पाठीमागसून असा लिवल्यानी?’ ती माझ्याकडे येऊन रडली. मग स्वतःच म्हणाली, ‘कोंबो आरवतलो नाय तर काय गायतलो?’ आम्ही दोघी हसलो खऱ्या, पण त्यानंतरची दोन बुकिंगं रद्द झाली ते हसण्यासारखं नव्हतं. कर्जाचा हप्ता काही दोन तारे आणि पाच तारे बघत नाही.

दुसरी पाहुणी एकटीच आली. साठी उलटलेली, शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. दहा दिवस राहिली. घर तेच, कोंबडा तोच, बादलीही तीच. ही बाई पहिल्याच दिवशी जेवल्यावर स्वतःचं ताट घेऊन विहिरीकडे निघाली. आमच्या मैत्रिणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी ती चुलीपुढे पाट घेऊन बसली आणि घावणे घालायला शिकली. पहिले चार तव्याला चिकटले, पाचवा सुटला तेव्हा टाळ्या पिटल्या! मुलीशी तिने ठराव केला, तू मला रोज दहा मराठी शब्द शिकव, मी तुला तासभर इंग्रजी शिकवते. वीज गेली की पडवीत येऊन बसायची. जाताना मिठी मारायच्या आधी तिने मुलीकरवी विचारलं, चालेल ना?

झालं! गटाच्या बैठकीत वाद पेटला. अमेरिकेची माणसं चांगली की वाईट? ‘पैशेवाले ते, तेंका आमची किंमत काय?’ एकीने ठोकून दिलं. दुसरी म्हणाली, ‘मगे ती म्हातारी काय पाकिस्तानची होती?’

हा वाद आमच्या गटापुरता नाही. जगभर तो गेली साठ-सत्तर वर्षं चालू आहे. १९५८ साली लेडरर आणि बर्डिक या दोन अमेरिकन लेखकांनी ‘द अग्ली अमेरिकन’ नावाची कादंबरी लिहिली. आग्नेय आशियातल्या एका काल्पनिक देशात आपले वकिलातीतले साहेब कसे वागतात, लोकांची भाषा न शिकता बंगल्यात बसून पार्ट्या कशा करतात, हे त्यांनी आपल्याच देशाला सुनावलं. तेव्हापासून मग्रूर, गोंगाट करणाऱ्या अमेरिकन प्रवाशाला हेच नाव पडलं. गंमत अशी की, कादंबरीतला दिसायला कुरूप असलेला इंजिनीअर हा खरं तर भला माणूस आहे. हाताला ग्रीस लावून गावकऱ्यांबरोबर पाण्याचा पंप बनवणारा. आणि मला आवडली ती त्याची बायको. गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या पाठी वाकलेल्या का, असा तिला प्रश्न पडतो. बघता बघता तिच्या लक्षात येतं, यांच्या झाडूला दांडाच नाही! ती कुणाला भाषण देत नाही. एका लांब, मजबूत बोरूचा दांडा करून आपलं अंगण ताठ उभं राहून झाडते. शेजारणी बघतात आणि आपण होऊन तसंच करतात. हिरांच्या खराट्याने वाकून वाकून अंगण झाडणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

म्हणजे देश एकच, पण त्यातला एक बंगल्यात बसलेला आणि एक अंगणात उतरलेला. आपल्याकडेही अमेरिका अशीच दोन तोंडांनी आली. १९५६ पासून ‘पीएल ४८०’ या कायद्याखाली तिकडचा गहू आला. १९६५-६६च्या दुष्काळात अध्यक्ष जॉन्सन यांनी तो गहू थोडा थोडा, आपलं परराष्ट्र धोरण बघत बघत सोडला. पोटात त्यांचा गहू आणि मनात अपमान, अशी ती वर्षं. १९७१च्या डिसेंबरात बांगलादेशाचं युद्ध चालू असताना त्यांचं सातवं आरमार बंगालच्या उपसागरात शिरलं, तेव्हा तर आपल्या आईवडिलांच्या पिढीच्या मनात अमेरिका म्हणजे शत्रूचा मित्र अशीच नोंद झाली. इराक युद्धाच्या काळात कित्येक अमेरिकन तरुण परदेशात फिरताना सॅकवर कॅनडाचा झेंडा शिवून घेत असत, म्हणजे कुणी जाब विचारायला नको! सरकारने केलेल्या कामाचा हिशेब एकट्यादुकट्या प्रवाशाला द्यावा लागतो, हा काही न्याय नव्हे. पण तसं होतं खरं.

आता जरा आपल्या सिंधुदुर्गात या. आमच्या शेजारच्या वेंगुर्ल्यात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं हॉस्पिटल होतं, हे इथल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. तिथे डॉ. गोहीन नावाचे अमेरिकन डॉक्टर होते. मिशनच्या माणसांकडे आपल्या लोकांनी कायम दोन नजरांनी पाहिलं. औषध हवं, पण ‘बाटवतील’ ही धास्तीही तितकीच. ती धास्ती अगदीच निराधार होती असं मी म्हणणार नाही, कारण धर्मप्रसार हा मिशनचा उघड हेतूच होता. पण अडलेली बाळंतीण दारात आली की डॉक्टर कुठल्या देशाचा हे कोण बघतं? या डॉक्टरांना १५ ऑगस्ट १९१९ रोजी वेंगुर्ल्यातच मुलगा झाला. रॉबर्ट गोहीन. लहानपण हिंदुस्थानात, शाळा कोडाईकनालला, पुढचं शिक्षण अमेरिकेत. १९५७ मध्ये तो प्रिन्स्टन या नामांकित विद्यापीठाचा अध्यक्ष झाला. दोनशे वर्षांहून अधिक काळ तिथे पदवीच्या वर्गात फक्त मुलगे होते, ती दारं १९६९ साली मुलींना उघडली ती याच्याच कारकिर्दीत. आणि १९७७ ते १९८० या काळात तो भारतातला अमेरिकेचा राजदूत होता! वेंगुर्ल्यात जन्मलेलं पोर दिल्लीत अमेरिकेचा वकील होऊन आलं, ही गोष्ट आपल्या शाळांतून मुलांना का सांगत नाहीत कोण जाणे.

त्याला राजदूत नेमणारे अध्यक्ष जिमी कार्टर. त्यांच्या आई लिलियन कार्टर १९६६ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, ‘पीस कोअर’ची स्वयंसेविका म्हणून मुंबईला आल्या आणि विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत त्यांनी नर्स म्हणून काम केलं. अडुसष्टाव्या वर्षी आपल्याकडे बायका ‘आता माझं काय राहिलंय’ म्हणतात! विक्रोळीच्या कामगारांच्या बायकांनी त्यांच्याकडे पाहताना अमेरिकेचं आरमार आठवलं असेल असं मला वाटत नाही. औषध देणारा हात आठवला असेल.

त्याही मागे जायचं तर आनंदीबाई जोशी. गोपाळराव कोल्हापुरात असताना त्यांनी अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांना पत्र लिहून आनंदीबाईंच्या शिक्षणासाठी मदत मागितली. तिथून ख्रिस्ती होण्याची अट पुढे आली. तोच पत्रव्यवहार छापलेला अंक न्यू जर्सीतल्या एका बाईंच्या हाती लागला, दाताच्या डॉक्टरकडे बसलेल्या असताना. त्या मिसेस कार्पेंटर. त्यांनी कसलीही अट न घालता पत्र लिहिलं. १८८३ साली आनंदीबाई त्यांच्याच घरी उतरल्या, त्यांना मावशी म्हणू लागल्या. १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि १८८७च्या फेब्रुवारीत पुण्यात गेल्या. त्यांची रक्षा मिसेस कार्पेंटर यांच्याकडे पाठवली गेली आणि त्यांनी ती आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली. वाइल्डर अमेरिकन आणि कार्पेंटरबाईही अमेरिकनच.

काही जणी तर इथे येऊन आपल्यातल्याच होऊन गेल्या. एलिझाबेथ लुंडी लग्नानंतर कमला निंबकर झाल्या आणि त्यांनी १९५० साली मुंबईत केईएम हॉस्पिटलमध्ये व्यवसायोपचाराचं शिक्षण सुरू केलं. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणला राहून तिथल्या लोकांच्या बोलण्यातल्या मराठीचा अभ्यास केला, मग तिथेच मुलांसाठी शाळा उभी केली आणि तिला कमलाताईंचं नाव दिलं. गेल ऑम्व्हेट मिनेसोटातल्या. महात्मा फुल्यांच्या चळवळीवर संशोधन करायला आल्या, भारत पाटणकरांशी लग्न करून सांगली जिल्ह्यातल्या कासेगावी नांदल्या, १९८३ साली भारतीय नागरिक झाल्या. परित्यक्तांच्या प्रश्नासाठी आपल्या खेड्यातल्या बायकांबरोबर रस्त्यावर उतरल्या. २०२१च्या ऑगस्टमध्ये त्या कासेगावातच गेल्या. या बायकांना कुणी ‘अग्ली अमेरिकन’ म्हणेल का? त्यांनी आधी आपली भाषा शिकली आणि मग बोलायला तोंड उघडलं.

अर्थात दहा दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याकडून आपण एवढी अपेक्षा करू शकत नाही. म्हणून आमच्या गटात मी त्या जोडप्याची बाजूही मांडली. बायकांना ते आधी रुचलं नाही! आपल्याकडे पाहुण्याच्या आमटीत मीठ नसलं तरी तो ‘छान झालीय’ म्हणतो आणि घरी जाऊन चार जणांना सांगतो. तिकडची रीत वेगळी. पैसे मोजले की चूक लिहून कळवायची, त्यात राग नसतो. पुढच्याला उपयोग होईल अशी समजूत असते. त्यांचं हसणंही तसंच. अनोळखी माणसाकडे बघून हसणं हा तिकडे साधा रामराम आहे. ते खोटं नसतं, पण त्यात आपण समजतो तेवढा जिव्हाळाही नसतो. त्यांच्या टिपेचंही आपल्याला अप्रूप. पण तिथे हॉटेलातल्या वेटरचा मूळ पगार इतका कमी धरतात की, बिलाच्या पंधरा-वीस टक्के वर ठेवणं हा रिवाजच झाला आहे. ती काही श्रीमंतीची मिजास नव्हे. आणि मोठ्याने बोलणं? ते तर आपल्याला कुणी शिकवायला नकोच!

मग आम्ही ते लिखाण पुन्हा एकदा शांतपणे वाचलं. कोंबडा, भोंगा आणि वीज आपल्या हातात नाही. ते आधीच सांगून टाकायचं. पण दार वाजवून खोलीत जाणं आणि शेजाऱ्यांची बघ्यांची गर्दी हटवणं हे आपल्या हातात होतं. परदेशी बाई अंगणात केस विंचरत बसली तर चार पोरं मोबाइल काढून फोटो घेतात. आपल्या मुलीचे असे कुणी घेतले तर? ‘लगीन झाला? मुला किती? पगार किती?’ हे प्रश्न आपण मायेने विचारतो, पण तिला ती चौकशी वाटते. आणि गोरी कातडी बघून शहाळ्याचा भाव दुप्पट सांगणारे आपलेच लोक आहेत. ते जेव्हा घरी जाऊन सांगतात, ‘इंडियात फसवतात’, तेव्हा त्या एका शहाळ्यापायी सगळा देश बदनाम होतो. जे आपण अमेरिकेच्या बाबतीत करतो, तेच ते आपल्या बाबतीत करतात.

गटाने मग एक पान तयार केलं, मराठीत आणि इंग्रजीत. इंग्रजी त्या नववीतल्या मुलीने लिहिलं, मी फक्त शुद्धलेखन पाहिलं. त्यात आमच्याकडे काय आहे आणि काय नाही ते सरळ सांगितलं आहे. देवळात जाताना कपडे कसे असावेत, अंगणात दारू चालणार नाही, फोटो काढण्याआधी माणसाला विचारावं, हेही नम्रपणे लिहिलं आहे. डॉलर दिसले म्हणून घरचे नियम मोडायचे नाहीत, हे आम्ही बायकांनी एकमेकींना बजावलं. परदेशी पाहुणा आला की चोवीस तासांच्या आत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवावी लागते. ते कसं भरायचं हेही सगळ्याजणी शिकल्या. आणि त्या दोन ताऱ्यांच्या लिखाणाखाली आमच्या मैत्रिणीने उत्तर टाकलं. भांडण नाही की रडगाणं नाही. तुम्ही सांगितलेल्या दोन गोष्टी सुधारल्या, कोंबडा मात्र अजून आहे, पुन्हा या! हे उत्तर वाचून पुण्याच्या एका कुटुंबाने खोली घेतली. मुलांना तो कोंबडाच बघायचा होता म्हणे.

आता ही पट्टी आपल्यालाही लावून बघायला हवी. आपल्या वाडीतली मुलं अमेरिकेत गेली आहेत, जात आहेत. दोन वर्षांनी परत येतात तेव्हा विहिरीचं पाणी नको, बाटलीच हवी. माश्या किती, धूळ किती, ‘तिकडे असं नसतं’ हे पालुपद चालू. त्यातलीच काही आल्या आल्या पेजेचं भांडं पुढ्यात ओढतात आणि आजीच्या पायांशी बसतात. पोट बिघडेल म्हणून बाटलीचं पाणी पिणं हा गुन्हा नाही. ते पिताना चेहरा कसा केलाय, ते आजीला बरोबर दिसतं. आणि आपल्या ग्रुप टूर? परदेशच्या हॉटेलात पहाटे पाचला पॅसेजमध्ये हाका, न्याहारीच्या टेबलावरून पिशवीत भरलेले पाव, बसमध्ये भेंड्या... तिथला एखादा हॉटेलवाला घरी जाऊन बायकोला काय सांगत असेल? तिथे आपणही ‘इंडियन’ या एकाच नावाने ओळखले जातो. तिथे आपली मुलगी शिकायला गेली असेल, तर तिच्या वाट्याला येणारं हसू किंवा कपाळावरची आठी आपण आधी पेरून आलेलो असतो.

तेव्हा पुढच्या वेळी बाजारात अमेरिकेचा कुणी भेटला तर त्याच्या सरकारचा राग त्याच्यावर काढू नका आणि त्याच्या डॉलरपुढे वाकूही नका. शहाळ्याचा भाव सगळ्यांना सांगता तोच सांगा. त्याला आपलं एखादं वाक्य शिकवून बघा, ‘जेवलास काय?’ एवढं पुरे. तो ते म्हणून बघतो की नुसता मान हलवून पुढे जातो, त्यावरून तो कसा प्रवासी आहे ते तुमचं तुम्हालाच कळेल. आणि आपल्या लेकीबाळी परदेशी निघाल्या, तर लोणच्याच्या बरणीबरोबर तिथल्या भाषेतली अशीच चार वाक्यं त्यांच्या पदरी बांधा.